बुद्धीचे माप आणि मापाची भाषा : पश्चिम खानदेशाच्या निमित्ताने

मराठीत मंदबुद्धी विद्यार्थ्याला 'ढ' म्हणण्याचा प्रघात जुना आहे. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंतच्या दोन हजार वर्षांच्या प्रवासात बहुतेक अक्षरांची वळणे पार पालटली. 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही त्या मुलाला हे नाव मिळाले, अशी ह्या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. बुद्धीचे उणेपण दाखविण्यासाठी आपल्या भाषेने जे चिन्ह निवडले, ते लिपीतील निवडले. बुद्धी आणि अक्षर ह्यांची अशी सांगड आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की, ती सांगड आहे ह्याचेही भान सहसा राहत नाही.

प्रस्तुत लेखात ह्या सांगडीच्या इतिहासातील तीन टप्प्यांचा विचार करावयाचा आहे. पहिल्या टप्प्यात बुद्धीचे माप कवटीवरून घेण्याचा प्रयत्न झाला, दुसऱ्यात प्रश्नोत्तरांवरून, आणि तिसऱ्यात, म्हणजे आज, बुद्धिमान म्हणविणारी यंत्रेच माणसाचे बोलणे व लिहिणे ऐकू-वाचू लागली आहेत. तिन्ही टप्प्यांचे धागे मराठी प्रदेशातून गेलेले आहेत, आणि तिन्हींची परीक्षा पाहावयाची तर पूर्वीच्या पश्चिम खानदेशाइतके, म्हणजे आजच्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांइतके, योग्य क्षेत्र दुसरे सापडणे कठीण. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, मानसशास्त्राचा किंवा मेंदूविज्ञानाचा नव्हे. तेव्हा येथे जे मांडावयाचे आहे ते भाषेच्या बाजूने. बुद्धीचे म्हणून जे माप घेतले जाते, त्यात मापणाऱ्याच्या भाषेचा अंश किती, हा तो प्रश्न होय.

१

प्रथम क्षेत्राविषयी. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांतील पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा; आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी असे सहा तालुके वेगळे काढून नंदुरबार जिल्हा करण्यात आला. २०११ च्या जनगणनेत ह्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती, आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा ६९ हून अधिक होते. साक्षरतेचे प्रमाण शेकडा ६४ च्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी, नोंदले गेले.

भाषेच्या दृष्टीने पाहता हा जिल्हा सीमेवरचा आहे, आणि तो केवळ राज्याच्या सीमेवरचा नव्हे. सपाटीवर अहिराणी आणि गुजर समाजाची बोली, तापीच्या दक्षिणेस नवापूरकडे मावची, सातपुड्याच्या डोंगरात पावरी, देहवाली, नोयरी अशा बोली चालतात. शाळेची व कचेरीची भाषा मराठी. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिली व खानदेशी ह्यांना मराठीपासून वेगळे काढून स्वतंत्र स्थान दिले आहे. म्हणजे ह्या मुलुखातील पुष्कळ मुलांना मराठी ही 'शुद्ध' करून घ्यावयाची घरची भाषा नसून शाळेत नव्याने शिकावयाची भाषा आहे, ही गोष्ट शतकाहून अधिक काळ ग्रंथात नमूद आहे. ती ग्रंथातून वर्गात किती उतरली, हा वेगळा प्रश्न.

२

आता पहिला टप्पा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेंदू, भाषा आणि माणसामाणसांतील भेद हे तीन विषय एकाच दालनात येऊन बसले. पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका ह्यांनी १८६१ मध्ये वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी करून बोलण्याची क्रिया मेंदूच्या डाव्या पुढील भागाशी निगडित असल्याचे दाखविले. हा शोध मेंदूविज्ञानाचा पाया मानला जातो. परंतु ह्याच ब्रोकांनी १८५९ मध्ये पॅरिसची मानवशास्त्रीय संस्था स्थापन केली होती, आणि तेथे कवट्यांची मापे व मेंदूंची वजने घेऊन मानववंशांची उतरंड लावण्याचा उद्योगही चालू होता. इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन ह्यांनी १८६९ मध्ये बुद्धिमत्तेच्या आनुवंशिकतेवर ग्रंथ लिहिला, १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला इंग्रजी नाव दिले आणि १८८४ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात माणसे मोजण्याची प्रयोगशाळाच उघडली. दृष्टी, श्रवण, पकड, प्रतिक्रियेचा वेग ह्यांच्या मापांतून बुद्धीचे माप निघेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती अपेक्षा फळास आली नाही.

ह्या विचारांचे पडसाद मराठीत उमटल्यावाचून राहिले नाहीत. कादंबरीकार म्हणून सर्वांना ठाऊक असलेले ना. सी. फडके ह्यांचे सुप्रजननाच्या चळवळीचा पुरस्कार करणारे इंग्रजी पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. नेमक्या त्याच वर्षी बर्लिनजवळच्या डाहलेम येथे मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र ह्यांसाठी कैसर विल्हेल्म संस्थेची स्थापना झाली आणि ऑयगेन फिशर तिचे संचालक झाले. त्यांच्याकडे डॉक्टरेटसाठी काम करावयास पुण्याहून एक विद्यार्थिनी गेली. ती म्हणजे इरावती कर्वे.

कर्वे ह्यांना मिळालेला विषय होता मानवी कवटीची असममिती, म्हणजे उजव्या व डाव्या बाजूंतील लहानमोठेपणा. त्यामागील गृहीतक असे की, गोऱ्या युरोपीय लोकांची तर्कशक्ती श्रेष्ठ असल्याने त्यांच्या मेंदूचा उजवा पुढील भाग मोठा असावा, आणि त्याची खूण कवटीवर उमटलेली असावी. कर्वे ह्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपातील कवट्या होत्या, तशाच जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. निष्कर्ष गृहीतकाच्या विरुद्ध निघाला. असममिती सर्वच गटांत आहे, वंशाशी तिचा संबंध दिसत नाही. हा प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी जर्मनीत जी राजवट आली, तिच्या वंशविषयक धोरणाला फिशर व त्यांची संस्था ह्यांनी शास्त्राचा आधार पुरविला, हे ध्यानी घेतले म्हणजे मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध गेलेल्या त्या निष्कर्षाचे मोल अधिक कळते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कर्वे ह्यांनी मापनपट्टी टाकून दिली नाही. डेक्कन कॉलेजात आल्यानंतरही त्यांनी मोजमापे चालू ठेवली; वि. म. दांडेकर ह्यांच्यासह त्यांनी केलेला महाराष्ट्राच्या शारीरिक मापनाचा ग्रंथ १९५१ चा आहे. जातींचे व जमातींचे शरीर मोजल्याने समाजाचा इतिहास कळेल ही श्रद्धा त्यांच्याही लेखनात आहे, आणि आज ती निःशंकपणे स्वीकारता येणार नाही. तथापि पश्चिम खानदेशातील भिल्लांवर १९६० च्या सुमारास त्यांनी जे पुस्तक सिद्ध केले, ती सामाजिक व आर्थिक पाहणी आहे. कवटीपासून कर्ज, जमीन व कुटुंब ह्यांच्याकडे झालेला हा प्रवास एका संशोधकाच्या आयुष्यातला आहे, तसाच तो एका शास्त्राच्या आयुष्यातलाही आहे. माणसाच्या कर्तृत्वातील फरकाचे कारण डोक्याच्या हाडात शोधावयाचे की त्याच्या परिस्थितीत, ह्या प्रश्नाचा रोख त्या काळात पालटत होता.

३

दुसरा टप्पा ह्याहून अधिक सौम्य दिसतो, आणि म्हणूनच अधिक बारकाईने पाहावयास हवा. १९०४ मध्ये फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या एका समितीपुढे प्रश्न आला की, सामान्य वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशी मुले ओळखावयाची कशी? आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ ह्यांनी १९०५ मध्ये जी प्रश्नमालिका तयार केली, ती ह्या मर्यादित कामासाठी होती. लांबी मोजावी तशी बुद्धी ह्या मालिकेने मोजता येत नाही, अशी ताकीद स्वतः बिने ह्यांनीच दिली होती. परंतु १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न ह्यांनी मानसिक वयाला शारीरिक वयाने भागण्याची युक्ती सुचविली, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुइस टर्मन ह्यांच्या स्टॅनफर्ड आवृत्तीने त्या भागाकारास शंभराने गुणून 'बुद्ध्यंक' रूढ केला. मदतीसाठी काढलेली यादी मुलाच्या कपाळावरचा आकडा बनली.

ह्या मालिकेला मराठीत आणण्याचे श्रेय डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांचे. लाहोरला हर्बर्ट राइस ह्यांनी हिंदुस्थानीत असा प्रयत्न आधी केला होता. परंतु कामत ह्यांनी धारवाडच्या मुलांवर प्रयोग करून कानडी व मराठी अशा दोन भाषांत स्टॅनफर्ड मालिकेची सुधारित आवृत्ती सिद्ध केली. तिचा पहिला शास्त्रीय वृत्तान्त १९३४ मध्ये ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचा ग्रंथ काढला. बिने-कामत ह्या जोडनावाने ही कसोटी पुढे कित्येक दशके भारतभर चालली. कामत ह्यांच्या कामाचे मोठेपण असे की, परदेशी प्रश्नांचे भाषांतर म्हणजे परदेशी कसोटीचे देशीकरण नव्हे, हे त्यांनी ओळखले. एखादा प्रश्न इंग्रजीत आठ वर्षांच्या मुलाला योग्य असेल, तर मराठीत तो सातव्या वर्षाचा ठरेल की नवव्या, हे मुलांना विचारूनच ठरवावे लागते. शब्दसंग्रह, यमक, अक्षरसंख्या मोजून ऐकवावयाची वाक्ये हे सारे भाषा बदलली की बदलते. एका अर्थी कामत ह्यांचा ग्रंथ हा बुद्धिमापनाइतकाच तौलनिक भाषाविचाराचाही ग्रंथ आहे.

परंतु ज्या कारणाने धारवाडच्या मुलांसाठी इंग्रजी कसोटी अपुरी होती, त्याच कारणाने अक्राणीच्या मुलासाठी मराठी कसोटी अपुरी आहे. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बिने-परंपरेच्या मालिकांत अंक ऐकून तसेच परत म्हणण्याची एक चाचणी असते. ती स्मरणाची चाचणी मानली जाते; भाषेचा तिच्याशी फारसा संबंध नाही, असे सकृद्दर्शनी वाटते. आता भिलीच्या अनेक बोलींत मूळच्या 'स'चा उच्चार 'ह' होतो, हे ग्रिअर्सन ह्यांच्या खंडातच नोंदलेले आहे. अशी बोली घरी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी 'सात' हा अंक 'हात' असा येणार. परीक्षकाने 'चार-सात-तीन' म्हटले आणि मुलाने 'चार-हात-तीन' म्हटले, तर स्मरण अचूक आहे; उच्चार बोलीच्या नियमाप्रमाणे आहे; आणि तरीही बोली न जाणणारा परीक्षक फुली मारील. ती फुली मुलाच्या स्मरणशक्तीच्या खात्यावर जमा होईल. प्रत्यक्षात उणीव आहे ती परीक्षकाच्या ध्वनिविचाराची.

अहिराणीचेही तसेच. प्रमाण मराठीतील 'ळ' अहिराणीत बहुधा 'य' होतो. 'डोळा' हा 'डोया' होतो, 'काळा' हा 'काया' होतो. 'माझा' ह्यासाठी 'मना', 'आहे' ह्यासाठी 'शे'. अवयव दाखवून त्याचे नाव विचारणारा प्रश्न लहान वयासाठीच्या मालिकेत असतो. 'डोया' म्हणणाऱ्या मुलाला डोळा माहीत नाही, असे कोणी म्हणणार नाही, असे आपण समजतो; पण हा समज परीक्षकाच्या कानावर सोपविणे म्हणजे शास्त्र दैवावर सोपविणे होय.

हा दोष केवळ आदिवासी मुलांच्याच वाट्याला येतो असे नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट' म्हणण्यास पर्याय म्हणून 'साठ तीन' अशी वाचनपद्धती दिली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. डॉ. मंगला नारळीकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे म्हणणे साधे होते. मराठी संख्यावाचनात जोडाक्षरे फार, आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या क्रमाच्या उलट. त्यामुळे लहान मुले गणितात नव्हे, शब्दांत अडखळतात. वादाचा निकाल काहीही मानला, तरी एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली. ज्याला आपण गणिताची कमजोरी समजतो, तीत भाषेच्या रचनेचा वाटा असू शकतो. मराठी घरातील मुलाचे असे होत असेल, तर ज्याची घरची भाषा मराठी नाही त्याचे काय?

शब्दांचा अडसर टाळण्याचा मार्ग शास्त्रज्ञांना सुचला नव्हता असे नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांची बुद्धिपरीक्षा घेतली तेव्हा इंग्रजी न येणाऱ्यांसाठी चित्रांची वेगळी मालिका केली होती. आपल्याकडे चंद्रमोहन भाटिया ह्यांनी १९५५ मध्ये साक्षर व निरक्षर दोहोंसाठी कृतिप्रधान कसोटीसंच सिद्ध केला; ठोकळे लावणे, नक्षी काढणे, चित्राचे तुकडे जोडणे अशी तिची घडण. नागपुरात आर्थर मालिन ह्यांनी १९६९ मध्ये वेक्सलर ह्यांच्या बालबुद्धिमापनाचे जे भारतीय रूप केले, त्यात शाब्दिक व कृतिप्रधान असे दोन भाग आहेत, आणि ते मराठीतही देता येते. पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. पेंडसे ह्यांनी ज्ञानप्रबोधिनीची स्थापना केली, ती बुद्धिमान विद्यार्थी हुडकून त्यांना समाजकार्याकडे वळविण्याच्या हेतूने; तेथे गिलफर्ड ह्यांच्या बुद्धीच्या अनेकांगी रचनेवर आधारलेले काम झाले. बुद्धी ही एकच राशी नसून तिला अनेक अंगे आहेत, हा विचार महाराष्ट्रात रुजविण्यात ह्या संस्थेचा वाटा आहे. ह्या सर्व प्रयत्नांचे श्रेय मान्य करूनही म्हणावे लागते की, ठोकळे लावावयाच्या कसोटीतही सूचना शब्दांतच द्याव्या लागतात. आणि कागदावरच्या चित्रात घर ओळखणे हीदेखील एक शिकलेली लिपीच आहे.

४

येथे असा आक्षेप येईल की, भाषेचा परिणाम वरवरचा असून खरा फरक मेंदूत असेल, आणि आजच्या यंत्रांनी तो पाहता येईल. मेंदूविज्ञानाने गेल्या काही वर्षांत दिलेले उत्तर ह्या आक्षेपाच्या उलट दिशेने जाते. फ्रान्समधील स्टानिस्लास दएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये साक्षर, निरक्षर आणि प्रौढपणी साक्षर झालेल्या माणसांच्या मेंदूंची तुलना प्रसिद्ध केली. वाचन शिकल्याने दृष्टीची व बोलण्याची केंद्रे वेगळ्या रीतीने काम करू लागतात, आणि हा बदल प्रौढपणी शिकणाऱ्यांतही दिसतो, असे त्यांना आढळले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर आपल्या फार जवळचा आहे. उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचावयास शिकविले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. बदल केवळ मेंदूच्या बाह्य पटलापुरता नव्हता. खोलवरच्या भागांच्या परस्परसंबंधांतही तो दिसला.

ह्या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. साक्षर व निरक्षर ह्यांच्या मेंदूंत फरक दिसतो, हे खरे. पण तो फरक शाळेचे कारण नसून शाळेचे कार्य आहे. ब्रोका-गॉल्टन ह्यांच्या काळात असा फरक सापडता तर तो जन्मजात म्हणून मिरविला गेला असता. आज तोच फरक सहा महिन्यांच्या अक्षरओळखीने घडवून दाखविता येतो. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन ह्यांनी १९८७ मध्ये चौदा देशांची आकडेवारी मांडून दाखविले की, बुद्ध्यंकाच्या कसोट्यांतील गुण एका पिढीतच लक्षणीय वाढत गेले आहेत. एका पिढीत रक्त बदलत नाही. शाळा, आहार आणि विचार करण्याच्या सवयी बदलतात. तेव्हा कसोटीवर ज्याला कमी गुण मिळाले, त्याच्याविषयी आपण जाणतो ते एवढेच की, कसोटी ज्या जगात घडली त्या जगापासून तो किती अंतरावर आहे.

५

तिसरा टप्पा आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. त्याचा आरंभ मात्र १९५० सालचा आहे. त्या वर्षी ॲलन ट्युरिंग ह्यांनी यंत्र विचार करू शकते काय, ह्या प्रश्नाऐवजी एक खेळ सुचविला. परीक्षकाने पडद्याआडच्या माणसाशी व यंत्राशी टंकलिखित प्रश्नोत्तरे करावीत. कोण कोणता हे त्याला ओळखता आले नाही, तर यंत्राला बुद्धी नाही असे म्हणण्यास आधार राहत नाही. आवाज व चेहरा ह्यांनी निकाल बिघडू नये म्हणून ट्युरिंगनी लेखी संवाद निवडला. हेतू न्याय्य होता. परंतु त्यामुळे यंत्राच्या बुद्धीची व्याख्याच लेखनाशी बांधली गेली. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून जी यंत्रे सर्वतोमुखी झाली आहेत, ती प्रचंड लिखित मजकूर वाचून, पुढे कोणता शब्दांश येईल ह्याचा अंदाज बांधण्यास शिकून तयार होतात. अर्थात ज्या भाषेत लिहिलेले विपुल, ती ह्या यंत्राला चांगली येते. ज्या भाषेत लिहिलेले थोडे, ती कच्ची राहते. बुद्धी आणि अक्षर ह्यांची जी सांगड 'ढ' ह्या शब्दात आपण पाहिली, ती येथे यंत्राच्या रचनेतच येऊन बसली आहे.

नंदुरबार जिल्ह्याला नवे तंत्रज्ञान उशिरा पोहोचते, असे म्हणता येणार नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादे तालुक्यातील टेंभली ह्या गावी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. दहा बोटांचे ठसे आणि दोन डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा यंत्राने टिपल्या. ह्यात एक ऐतिहासिक योगायोग आहे. बोटांच्या ठशांचा वापर १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल ह्यांनी करारावर सुरू केला, त्याला शास्त्राचे रूप गॉल्टन ह्यांच्या १८९२ च्या ग्रंथाने दिले, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची जगातील पहिली कचेरी निघाली. गॉल्टन ह्यांनी माणसाची दोन मापे घेऊ पाहिली. हा माणूस कोण, हे सांगणारे माप टिकले आणि टेंभलीपर्यंत आले. ह्या माणसाची योग्यता किती, हे सांगू पाहणारे माप त्यांच्या हयातीतच फसले. पहिल्या मापाला भाषा लागत नाही. बोट बोलत नाही, म्हणून त्याचा उच्चार चुकत नाही. दुसऱ्या मापाला भाषा टाळता येत नाही. यंत्राने माणूस ओळखला म्हणजे त्याने माणसाचे म्हणणे ओळखले, असा घोटाळा मात्र आज सहज होऊ शकतो.

भाषेच्या बाजूने काहीच होत नाही, असेही नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'भाषिणी' हा भारतीय भाषांच्या यांत्रिक भाषांतराचा उपक्रम सुरू केला. २०२५ मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे साधन आरंभीच्या स्वरूपात पुढे आणले. त्याच्या पहिल्या भाषांत संथाली, मुंडारी व गोंडी ह्यांच्याबरोबर भिलीही आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु जनगणनेत भिली म्हणून जे एक कोटी चार लाखांहून अधिक भाषक (२०११) मोजले जातात, त्यांत मावची आहेत, पावरी आहेत आणि इतर पुष्कळ आहेत. 'आदि वाणी'त पहिल्याने घेतलेली भिली मध्य प्रदेशातील आहे. तेव्हा जो प्रश्न कामत ह्यांनी इंग्रजी कसोटीला विचारला आणि जो आपण कामतांच्या मराठी कसोटीला विचारला, तोच येथेही विचारला पाहिजे. ही भिली कोणत्या गावची? काठीच्या होळीला जमणाऱ्या माणसांचे बोलणे ह्या यंत्राला कळेल काय? ज्याला कळणार नाही, त्याच्या हाती मुलांचे तोंडी वाचन तपासण्याचे काम उद्या सोपविले गेले, तर 'चार-हात-तीन' ह्याला पुन्हा फुलीच मिळेल. फरक इतकाच की, परीक्षकाशी निदान वाद घालता येत होता.

६

ह्या विवेचनातून बुद्धिमापन टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. खरोखर मदतीची गरज असलेल्या मुलाला ती मिळावी, ह्यासाठी बिने ह्यांनी कसोटी काढली होती, आणि ती गरज संपलेली नाही. ज्या मुलाला ऐकू कमी येते, ज्याला अक्षरांची दिशा उमगत नाही, त्याची अडचण 'बोलीचा फरक' म्हणून दुर्लक्षिली जाणे हाही अन्यायच आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हे दोन्ही अन्याय शेजारीशेजारी संभवतात. ते वेगळे ओळखणे हे मानसशास्त्रज्ञाचे एकट्याचे काम नाही. तेथे भाषाशास्त्रज्ञाची आवश्यकता आहे, आणि ह्या बाबतीत आपल्या शाखेने आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आपण बोलींची वर्णने केली; ती वर्णने दवाखान्यातील व शाळेतील परीक्षकाच्या हाती पडतील अशा रूपात मांडली नाहीत.

म्हणून दोन लहान सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, कोणत्याही कसोटीच्या गुणांबरोबर तीन नोंदी असाव्यात. मुलाची घरची बोली कोणती, कसोटीची भाषा कोणती आणि परीक्षकाला त्या बोलीचे ज्ञान किती. ह्या तीन नोंदींवाचून बुद्ध्यंकाचा आकडा अपुरा समजावा. एकक न लिहिलेल्या वजनासारखा. दुसरी अशी की, जेथे फुली मारावयाची तेथे मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत, त्याच्याच उच्चारासह लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवावे. चुकीचे ठरलेले उत्तर हे भाषाशास्त्रज्ञाला बहुधा सर्वांत उपयोगी साधन असते, कारण नियम कोठे वेगळा आहे ते तेथेच कळते. पालकांची संमती घेऊन आणि नावे गुप्त ठेवून असा संग्रह मावची, पावरी, देहवाली ह्यांपैकी एकेका बोलीसाठी उभा करणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. आज ते कसोट्यांची प्रमाणे सुधारण्यास उपयोगी पडेल. उद्या यंत्रांना ती बोली शिकवावयाची झाल्यास तेथेही पडेल.

इरावती कर्वे ह्यांनी बर्लिनमध्ये १४९ कवट्या मोजल्या आणि जो फरक सापडावयास हवा होता तो सापडत नाही, असे लिहिले. त्यांच्या हाती तेव्हा मापनपट्टीच होती. परंतु पट्टीने काय दाखवावे हे आधी ठरविलेले आहे, ही गोष्ट त्यांनी मोजून उघड केली. आपल्या हाती असलेली साधने पुष्कळ अधिक सूक्ष्म आहेत. त्यांच्या बाबतीतही तीच तपासणी करावयाची आहे, आणि तिचा आरंभ सातपुड्यातील एखाद्या शाळेत, एका मुलाने उच्चारलेल्या 'हात' ह्या अंकापासून करता येईल.